मर्यादेत म्हणजे कुठल्या मर्यादेत?

ओढ्याला वास येतोय अशी तक्रार जाते. कुणीतरी येतं, बाटली भरून नेतं. पुढे कधीतरी निरोप मिळतो, तोही बहुतेक तोंडी: रिपोर्ट आला, सगळं मर्यादेत आहे. त्यावर गप्प बसायची आपल्याला सवय लागली आहे. कितीपैकी ते न सांगता पोराने नुसते मार्क सांगितले तर घरात आपण चालवून घेत नाही. ओढ्याच्या बाबतीत मात्र चालवून घेतो.

कडेगाव तालुक्यातल्या ग्रामसभांपुढे आणि नगरपंचायतीपुढे ठेवायचे म्हणून हे मुद्दे लिहिले आहेत. मागणी एकच: प्रत्येक ओढ्याचा वर्ग ठरवा, ठरल्या जागी ठरल्या वेळी पाणी तपासा आणि आकडा वर्गासकट फळ्यावर लावा.

१. ओढ्यातलं पाणी आता नुसतं आभाळाचं नाही

कडेगाव, खानापूर, आटपाडी हा पर्जन्यछायेचा पट्टा. पूर्वी ओढा म्हणजे पावसाळ्यात पाणी आणि नंतर वाळू-दगड. टेंभू योजनेला १९९६ साली मंजुरी मिळाली, पुढे टप्प्याटप्प्याने पाणी चढत आलं आणि चित्र पालटलं. सोनहिरा खोऱ्यात ताकारी योजनेने तेच केलं. आता उन्हाळ्यातही आवर्तनाच्या, म्हणजे योजनेतून पाळीने सुटणाऱ्या, पाण्याने बंधारे भरून घेतले जातात, काठच्या विहिरी त्यावर तगतात आणि ज्वारी-हरभऱ्याच्या जागी ऊस उभा राहतो. पाण्यासाठी या भागाने किती वर्षं मोर्चे काढले, परिषदा घेतल्या, हे इथे नव्याने सांगायला नको. पाणी आलं. पण ते कसलं आलं, हे विचारायचं राहून गेलं.

टेंभूचा बंधारा कृष्णेवर आहे, कराडच्या खाली, कोयना कृष्णेला मिळून गेल्यावर. ताकारीचा उपसा त्याहून खाली. म्हणजे कराड शहराच्या सांडपाण्याचं काय होतं, हा एकट्या कराडकरांचा प्रश्न नाही. ते पाणी पंपाने चढून आपल्या शिवारात येतं. पुढे आपल्या तालुक्यातले बहुतेक ओढे येरळेला मिळतात, येरळा ब्रह्मनाळला कृष्णेत जाते आणि त्याच कृष्णेवर सांगली पाणी पिते. वरच्यांकडे बोट दाखवताना खालचे आपल्याकडे बघताहेत, हे विसरून चालणार नाही.

२. कोरडा ओढासुद्धा कायद्याने प्रवाहच

‘तो ओढा कुठं, ती तर घळ,’ असं उत्तर कुणी दिलं तर १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २ काढून दाखवावं. प्रवाहाच्या व्याख्येत नदी आहे, वाहता किंवा सध्या कोरडा असलेला जलमार्ग आहे, नैसर्गिक किंवा कृत्रिम जलाशय आहे आणि जमिनीखालचं पाणीही आहे. मे महिन्यात ओढ्याच्या पात्रात टँकर रिकामा करणारा माणूस रिकाम्या जागेत नव्हे, प्रवाहात घाण सोडतो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. केंद्राच्या आधी, १९६९ सालीच राज्याने स्वतःचा कायदा केला होता आणि राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० पासून अस्तित्वात आहे.

३. मानक एक नाही, पाच आहेत

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. ए वर्गाचं पाणी नुसतं निर्जंतुक करून पिता येतं. त्यात जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी, लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंतच चालते आणि विरघळलेला प्राणवायू ६ च्या खाली जाता कामा नये. बी वर्ग आंघोळीचा: बीओडी ३, प्राणवायू ५. सी वर्गाचं पाणी गाळून, शुद्धीकरण करून प्यायचं: बीओडी ३, प्राणवायू ४. डी वर्ग मासे आणि वन्यजीवांचा. तिथे प्राणवायू ४ आणि मुक्त अमोनिया १.२ च्या आत. शेवटचा ई वर्ग शेतीचा. त्यात बीओडीचा उल्लेखच नाही. सामू ६ ते ८.५, विद्युतवाहकता म्हणजे ईसी २२५० पर्यंत, सोडियमचं प्रमाण आणि बोरॉन, एवढ्यावर काम भागतं.

आता ‘मर्यादेत आहे’ हे वाक्य पुन्हा वाचा. ई वर्गाची फूटपट्टी लावली तर ज्या पाण्यात मासा तग धरणार नाही तेसुद्धा मर्यादेत बसतं. त्याच ओढ्याच्या काठावर गावाची पाणीपुरवठ्याची विहीर असेल, खाली बंधाऱ्यात म्हशी डुंबत असतील, पोरं पोहत असतील, तर शेतीची फूटपट्टी कुणी आणि कधी ठरवली? रिपोर्टावर वर्ग लिहिलेला नसेल तर तो रिपोर्ट अपुरा आहे, असं लेखी कळवायला हवं.

राज्याची स्वतःची विभागणीही होती: ए-१ पासून ए-४ पर्यंत. नदी नियमन क्षेत्राच्या धोरणात नदीचा वर्ग बघून काठापासून किती अंतरात कुठला उद्योग चालेल हे ठरायचं. वर्गाला त्या धोरणाने दात दिले होते. २०१५ साली ते रद्द झालं. उद्योगांची अडवणूक होते ही तक्रार होती आणि ती सगळी खोटी नव्हती. पण दात काढले आणि कवळीही दिली नाही.

४. तीस आणि तीन

सगळ्या मुद्द्यांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो आणि यावर सर्वांत कमी बोललं जातं.

नियमात दोन प्रकारचे आकडे आहेत. एक पाइपच्या तोंडाशी मोजायचा, दुसरा प्रवाहात. साखर कारखान्यांसाठी जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सुधारित मानकं काढली. प्रक्रिया केलेलं पाणी जमिनीवर सोडायचं तर बीओडी १०० पर्यंत, प्रवाहात सोडायचं तर ३० पर्यंत. गाळलेल्या उसाच्या टनामागे प्रक्रिया केलेलं सांडपाणी १०० लिटरच्या वर नको, बाहेर पडायचं तोंड एकच हवं, आणि शेतीला पाणी नको असेल त्या काळासाठी १५ दिवसांची साठवण हवी. शहरांच्या सांडपाणी केंद्रांच्या मानकांतही ३० हा आकडा भेटतो. आणि प्रवाहाचं मानक? बी किंवा सी वर्गाचा ओढा असेल तर ३.

पाइपला ३०, प्रवाहाला ३. हे जुळायचं तर मध्ये काहीतरी व्हावं लागतं आणि ते म्हणजे पाण्यात पाणी मिसळून पातळ होणं. साधा हिशेब करून बघा. ओढ्यातलं पाणी अगदी स्वच्छ, बीओडी १ धरू. त्यात ३० चं पाणी मिसळून एकूण ३ च्या आत ठेवायचं तर सोडलेल्या प्रत्येक लिटरमागे ओढ्यात साडेतेरा लिटर पाणी वाहायला हवं. ओढ्याचं मूळचं पाणी २ चं असेल तर सत्तावीस लिटर. ओढा आधीच ३ वर असेल तर कितीही वाहू दे, उपयोग नाही.

पुराच्या कृष्णेला हे परवडतं. आपल्या ओढ्यात आवर्तन बंद झाल्यावर सत्तावीस पट तर सोडाच, एक पट पाणीही वाहत नसतं. जे सोडलं जातं, तोच ओढा होतो. सोडणारा खरं सांगत असतो की आमचं पाणी ३० च्या आत आहे, मंडळ खरं सांगत असतं की मानक पाळलं गेलं आहे, आणि तरीही ओढा मेलेला असतो. यात चोर शोधत बसण्यात अर्थ नाही. मोठ्या, बारमाही नदीच्या भरवशावर बेतलेला नियम कोरड्या ओढ्याला जसाच्या तसा लावला, इथे घोळ आहे. म्हणून मागणी अशी हवी: संमतीपत्र देताना ज्या ओढ्यात पाणी जाणार त्याचा सर्वांत कमी प्रवाह धरून मर्यादा ठरवावी. प्रवाह शून्य असेल तर ओढ्यात सोडायला परवानगीच नको. मग साठवा किंवा पुन्हा वापरा.

मळीमिश्रित पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो. त्याचा एक टँकर ओढ्यात ओतला तर पातळ करायला अख्खं आवर्तन पुरणार नाही. म्हणून तर त्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही असा नियम आहे.

५. किती वाजता मोजलं?

विरघळलेला प्राणवायू दिवसभर सारखा नसतो. ऊन असताना पाण्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच शेवाळ आणि कुजणारी घाण तो खात राहतात. सर्वांत वाईट वेळ पहाटेची. मासे पहाटे तोंड वर काढतात, सकाळी पोटं वर करून तरंगतात, आणि साहेबांची गाडी दुपारी बाराला पोचते तोवर हिरव्या पाण्यातला प्राणवायू ८ च्याही वर गेलेला असू शकतो. आकडा खरा, निष्कर्ष चुकीचा.

ही चाचणी जागेवरच करायची असते. ३०० मिलीची काचेची बाटली घ्यायची, तिला घासून बसवलेलं काचेचं बूच. बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळू भरायची, एकही बुडबुडा आत राहता कामा नये. लगेच २ मिली मँगनीज सल्फेट, पाठोपाठ २ मिली अल्कली-आयोडाइड, दोन्ही पिपेटने पाण्याच्या पृष्ठभागाखाली. बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी गाळ धरतो. जास्त असेल तितका गडद. पुढे आम्ल घातलं की पाणी पिवळं होतं आणि थेंब-थेंब थायोसल्फेट टाकून आकडा काढतात. पण गाळ पांढराच राहिला तर आकड्यासाठी थांबायची गरज नाही. त्या पाण्यात प्राणवायू उरलेलाच नाही. दहावीतली मुलं हे शिक्षकांसमोर करू शकतात. मुलांच्या हाती आम्ल आणि अल्कली देऊ नये, एवढं पथ्य पाळलं म्हणजे झालं.

बीओडीचं तसं नाही. ती बाटली बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी लागते आणि २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मग उत्तर मिळतं. गाडीच्या डिकीत उन्हातून गेलेल्या बाटलीचा आकडा प्रवासातच बदलतो. म्हणून रिपोर्टावर दोन वेळा हव्यात: बाटली भरल्याची आणि चाचणी सुरू केल्याची.

६. आवर्तन चालू होतं की बंद?

नोंदीत हा एक रकाना नसेल तर बाकीच्या नोंदीला अर्थ राहत नाही. आवर्तन चालू असताना घेतलेला नमुना कृष्णेचा असतो, बंद पडल्यावर पंधरा दिवसांनी घेतलेला आपला असतो. दोन्ही घ्यावेत, पण वेगळे लिहावेत. वर्षाची सरासरी काढून दोन्ही एकत्र केले की वाईट महिने चांगल्या महिन्यांच्या आड लपतात.

तिसरी वेळ पहिल्या वळवाची. उन्हाळाभर साचलेली गटारं, उकिरडे, शेतातलं खत आणि पात्रात साठलेला काळा गाळ एका रात्रीत खाली येतो. चौथी, गळीत हंगाम भरात असतानाची. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मोठ्या प्रमाणावर मासे मेले आणि प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलं. असं काही घडल्यावर सगळे नमुने घेतात. घडण्याच्या आदल्या आठवड्यातली नोंद मात्र सापडत नाही आणि ती नसली की वाद दोषाऐवजी अंदाजांवर चालतो.

केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातले प्रदूषित नदीपट्टे काढले तेव्हा ते ३५१ निघाले. त्यातले ५३ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. कृष्णा त्या यादीत आहे. पण यादीत नाव यायला आधी तिथे मोजणी व्हावी लागते. ज्याची मोजणी नाही तो ओढा स्वच्छ ठरत नाही, नुसता यादीबाहेर राहतो.

७. विहिरीचं कार्ड हिरवं, शेजारचा ओढा बेवारस

पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आपल्याकडे कागदावर तरी बरी आहे. जलसुरक्षक नमुने घेतो, क्लोरीनची टीसीएल पावडर टाकली जाते, वर्षातून दोनदा स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. जलजीवन मिशनमध्ये गावागावात महिलांना तपासणीचे संच आणि प्रशिक्षण दिलं गेलं. पाण्यात नायट्रेट ४५ च्या आत हवं, ई-कोलाय नको, हे त्यांना पाठ आहे.

गंमत अशी की हे सगळं विहिरीच्या कठड्याशी थांबतं. विहिरीला पाणी देणारा ओढा वीस पावलांवर असतो आणि तो कुणाच्याच यादीत नसतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा क्लोरीनच्या भरवशावर किती राहायचं ते दिसलं. तोच संच, त्याच ताई, महिन्यातून एकदा ओढ्यापर्यंत गेल्या तर व्यवस्था वेगळी उभारावी लागत नाही. अर्थात हे काम त्यांच्याकडून फुकट करून घ्यायचं नाही. नमुन्यामागे मानधन ठरवायचं.

८. आपली बाजू

कारखाना आणि एमआयडीसी यांच्यावर बोलणं सोपं आहे, आणि बोलायलाच हवं. २१ नोव्हेंबर २०२४ ला शाळगाव एमआयडीसीतल्या एका खत कारखान्यात रिअ‍ॅक्टर फुटून वायू पसरला आणि तीन माणसं गेली. रसायनांचा धोका आपल्या उंबऱ्याशी आलेला आहे. वसाहतीच्या खालच्या ओढ्यात सामू आणि अमोनिया नियमित तपासा, ही मागणी त्या दिवसानंतर तरी कुणाला अवास्तव वाटू नये.

पण उसाला युरियाची गोणी मोजून टाकणारे आपण किती? पाटाने सोडलेलं पाणी शेवटी बांध ओलांडून ओढ्यालाच जातं आणि नायट्रेट त्याच्याबरोबर जातं. गोठ्याचं पाणी, गावातल्या गटारांचं तोंड, फवारणीचा पंप ओढ्यावर धुणं, बंधाऱ्यावर ट्रॅक्टर धुणं, हे सगळं आपलंच. बंधाऱ्यात केंदाळ माजतं ते याच खतपाण्यावर. ओढ्याचा वर्ग एकदा ठरला की तो शेतकऱ्यालाही लागू होईल आणि काही जणांना ते रुचणार नाही. ग्रामसभेत हा मुद्दा आधी मांडावा, म्हणजे कारखान्याच्या वकिलाला तो नंतर मांडता येणार नाही.

एक गोष्ट जमेची आहे. आपल्या भागातले द्राक्ष बागायतदार जीएचं (जिबरेलिक अ‍ॅसिडचं) पाणी करताना सामू बघितल्याशिवाय औषध मिसळत नाहीत, ड्रिपच्या पाण्याची ईसी त्यांना तोंडपाठ असते. खिशातले मीटर आधीच गावात आहेत. ओढ्याची ईसी एकाएकी चढली म्हणजे काहीतरी सोडलंय, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सिद्ध करायला लागते.

९. आपला आकडा कोर्टात चालत नाही, तरी लागतो

कायद्याचा नमुना १९७४ च्या त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे घ्यावा लागतो. मालकाला तिथल्या तिथे नोटीस, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्हींवर सील आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. गावाने घेतलेल्या बाटलीला ही किंमत नाही आणि तशी बतावणी करू नये. गावाच्या नोंदवहीचं काम दुसरं आहे: मंडळाच्या माणसाने कुठल्या ओढ्यावर, कुठल्या आठवड्यात, पहाटे की दुपारी यायचं, हे ती सांगते. ‘वास येतो’ या तक्रारीपेक्षा ‘दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पहाटे सहा वाजता घेतलेल्या नमुन्यात सलग तीनदा प्राणवायू २ च्या खाली’ ही तक्रार टाळायला अवघड जाते.

आणि कलम ४९ वाचून ठेवावं. साठ दिवसांची नोटीस दिली की कुठल्याही नागरिकाला स्वतः न्यायालयात तक्रार करता येते, आणि अशा वेळी मागेल त्याला मंडळाने आपल्याजवळचे संबंधित अहवाल द्यायचे असतात. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्याला आहे, आपल्यापासून चार-पाच तासांवर.

१०. जागा आणि पैसे

सुरुवातीला चार जागा पुरतील. शहराचं सांडपाणी मिसळतं त्याच्या खाली, कडेगावच्या ओढ्यावर. शाळगाव वसाहतीच्या उतारावरचा ओढा. सोनहिरा, देवराष्ट्रे ते चिंचणीच्या दरम्यान. आणि येरळा, रामापूर-कमळापूरच्या पुलाशी. प्रत्येक ठिकाणी वर एक आणि खाली एक नमुना, म्हणजे घाण वरून आली की मधेच पडली याचा वाद राहत नाही. जागेवर सामू, ईसी, तापमान, प्राणवायू, प्रयोगशाळेत बीओडी, अमोनिया, नायट्रेट आणि कॉलिफॉर्म. जास्त यादी केली की दुसऱ्या महिन्यात काम बंद पडतं.

पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के हिस्सा स्वच्छता आणि पिण्याचं पाणी यांसाठीच बांधून दिला. ओढ्याकाठची विहीर हाच स्रोत असेल तर ओढ्याची तपासणी पिण्याच्या पाण्याच्या खर्चात बसवता येईल, असं माझं मत आहे. लेखापरीक्षक आक्षेप घेतील म्हणून ठरावात विहिरीचा गट नंबर आणि ओढ्यापासूनचं अंतर लिहावं. नोंदवही मात्र कारखान्याच्या संचालकाकडे किंवा पाणी संस्थेच्या चेअरमनकडे नको, मग तो कितीही भला माणूस असो. शाळेत ठेवावी, आणि दर महिन्याचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा: वरच्या ओळीत ओढ्याचं नाव, शेजारी त्याचा वर्ग, खाली तारीख, वेळ, आवर्तन चालू की बंद, आणि मग आकडे.